उपयोग नाही, पण कशाचा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या माझ्या एका वहिनींच्या मुलीला न्यूमोनिया झाला होता. मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात होता, आणि बोलणे, चालणे, आपल्या हाताने जेवणे यांपैकी काहीही तिला कधी जमले नव्हते. बेळगावातल्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहून डॉक्टरांनी कन्नडमध्ये सांगितले, “व्हेंटिलेटरनिंद एनू प्रयोजन इल्ल.” आमच्यात कन्नड नीट समजणारे एकटे वहिनींचे दीर, उद्यमबागेत लेथवर काम करणारे. त्यांनी आमच्याकडे वळून मराठीत सांगितले, “काही उपयोग नाही म्हणालेत.”

वहिनींनी विचारले, “कशाचा?”

दिरांना उत्तर देता आले नाही. तोवर घरच्या मोठ्यांनी मनाशी गाडी ठरवलीही होती. लिहून देऊन घरी नेऊ, निदान आपल्या माणसांत जाईल, असा सगळ्यांचा सूर लागला होता. वहिनींनी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये तोच प्रश्न डॉक्टरांना विचारला, तेव्हा त्यांनी थांबून नीट समजावले. मुलीचा कणा आणि छाती इतकी वाकलेली होती की एकदा नळी घातली तर ती पुन्हा काढता येईल याची खात्री नव्हती, म्हणून व्हेंटिलेटरचा उपयोग नव्हता. प्राणवायू, प्रतिजैविके आणि छातीतला कफ सुटावा म्हणून करायचा व्यायाम मात्र चालू ठेवायचा होता. अकराव्या दिवशी मुलगी घरी आली.

डॉक्टरांच्या वाक्यातला ‘व्हेंटिलेटरनिंद’ हा एक शब्द भाषांतरात गळला आणि एका यंत्राबद्दलचे मत एका मुलीच्या आयुष्याबद्दलचे मत होऊन बसले. दिरांची चूक काढण्यासाठी हे लिहीत नाही. तो शब्द इतक्या सहज गळू शकला, कारण ऐकणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या मनात ते दुसरे वाक्य आधीपासून तयार होते. अपंगत्व, जगण्याचा दर्जा आणि जगण्याचा हक्क या विषयावर जगभर जो वाद चालतो, त्यातला बराचसा गोंधळ नेमका इथेच आहे. ‘या उपचाराचा या माणसाला उपयोग आहे का?’ हा एक प्रश्न आणि ‘या माणसाच्या जगण्याचा उपयोग आहे का?’ हा दुसरा. पहिला प्रश्न वैद्यकाचा आहे, तो रोज विचारला जातो आणि विचारलाच पाहिजे. दुसरा प्रश्न विचारण्याचा अधिकार डॉक्टरला नाही, सरकारला नाही आणि नातेवाइकांनाही नाही, अशी माझी भूमिका आहे, आणि आपला कायदाही बऱ्याच अंशी तेच सांगतो.

कायद्याचे पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ने प्रत्येक व्यक्तीला जीविताचा हक्क दिला आहे. त्यात मरण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९९६ साली ज्ञान कौर प्रकरणात स्पष्ट केले. मात्र सन्मानाने जगण्याचा हक्क नैसर्गिक मृत्यूच्या क्षणापर्यंत पुरतो, म्हणजे शेवटचे दिवसही सन्मानाचे असले पाहिजेत, असेही त्याच निकालात म्हटले आहे. पुढची सगळी चर्चा या दोन विधानांच्या मधल्या जागेत झाली.

त्या चर्चेत अरुणा शानबाग यांचे नाव टाळता येत नाही. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ला झाला, गळा आवळला गेल्याने मेंदूला इजा झाली, आणि त्यानंतर एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. त्यांचे अन्न थांबवून त्यांना मरू द्यावे, अशी मागणी करणारी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी दाखल केली. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. पुष्कळांना या निकालातले एवढेच आठवते की काही परिस्थितीत उपचार थांबवून मृत्यूला वाट देण्यास, म्हणजे निष्क्रिय दयामरणास, त्याने तत्त्वतः मान्यता दिली. पण ज्यांच्यासाठी ती याचिका होती त्यांच्या बाबतीत न्यायालयाने नकार दिला, आणि त्यासाठी केईएमच्या कर्मचाऱ्यांचा शब्द प्रमाण मानला, हे सहसा सांगितले जात नाही. वर्षानुवर्षे त्यांना भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या, इतक्या काळात पाठीला जखम होऊ न देणाऱ्या परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. १८ मे २०१५ रोजी अरुणा शानबाग न्यूमोनियाने गेल्या.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आपल्याला कोणते उपचार नकोत हे सज्ञान माणसाने शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवण्याची, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राची, सोय केली. ती पद्धत फार किचकट होती म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुटसुटीत केली गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केली की पुरते. प्रत्यक्ष उपचार थांबवण्यापूर्वी मात्र रुग्णालयातल्या डॉक्टरांचे एक मंडळ आणि त्यावर दुसरे मंडळ, अशी दोनदा तपासणी होते. कर्नाटक सरकारच्या आरोग्य खात्याने ३० जानेवारी २०२५ रोजी आदेश काढून ही व्यवस्था राज्यात लागू केली, तेव्हा आपल्याकडच्या चहाच्या टपऱ्यांवर ‘कर्नाटकात दयामरण आलं’ अशी चर्चा झाली. ती चूक आहे. इंजेक्शन देऊन किंवा अन्य कृतीने जीव घेणे आजही गुन्हा आहे. आदेश आहे तो बरे होण्याची आशा नसलेल्या, केवळ उपचारांच्या आधारावर ठेवलेल्या रुग्णांचे उपचार न देण्याबद्दल किंवा काढून घेण्याबद्दल. रुग्ण अपंग आहे एवढ्यावरून ही प्रक्रिया सुरू करता येत नाही, आणि माझ्या मते प्रत्येक रुग्णालयाने ही ओळ कन्नडबरोबर मराठीतही भिंतीवर लावायला हरकत नाही.

कागदावर इतके स्पष्ट असूनही व्यवहारात दोन्ही प्रश्न एकमेकांत का मिसळतात, हे समजून घ्यायचे तर आपण आयुष्य मोजतो कसे, ते पाहावे लागेल.

आपल्याकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र टक्क्यांत मिळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला; त्याने १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकारांना मान्यता दिली, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट ठेवली. (कागदोपत्री मराठीत ‘दिव्यांग’, कर्नाटकच्या खात्यात ‘विकलचेतन’, गल्लीत काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.) हे टक्के एखादा सांधा किती हलतो, नजर किती उरली आहे, ऐकू किती येते याचे असतात. पण तालुक्याला शिबिराच्या रांगेत उभे राहिलात तर ऐकू येते, ‘माझा पोरगा पंच्याहत्तर टक्के आहे’, ‘आमची नव्वद टक्के’. शरीराच्या एका भागावरचा आकडा कधी माणसाचा होतो आणि माणसावरून त्याच्या आयुष्याचा होतो, हे बोलणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. नव्वद टक्के अपंग म्हणजे दहा टक्के आयुष्य, असा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही, पण तो मनात होतो.

आरोग्याच्या अर्थशास्त्रात तर असा हिशेब उघडपणे मांडला जातो. एखाद्या औषधावर सरकारने पैसे खर्च करावेत का, हे ठरवण्यासाठी काही देश ‘क्वाली’ नावाचे माप वापरतात. पूर्ण निरोगी अवस्थेतले एक वर्ष म्हणजे एक, मृत्यू म्हणजे शून्य, आणि आजाराच्या किंवा अपंगत्वाच्या अवस्थेला या दोहोंमधला काही अंक. समजा, कमरेखाली लुळे असण्याला अर्धा अंक दिला. आता एकाच औषधाने दोन माणसे प्रत्येकी दहा वर्षे जास्त जगणार असतील, तर धडधाकट माणसाला वाचवण्याचे दहा गुण होतात आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला वाचवण्याचे पाच. औषध तेच, वर्षे तीच. दुसऱ्याचा दोष एवढाच की तो आजारी पडण्याआधीपासून खुर्चीत होता. हे माप वापरणारे लोक दुष्ट नाहीत. पैसा मर्यादित असतो, गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि डायलिसिस यांत निवड करायची तर काहीतरी मोजपट्टी लागते. एकाच रुग्णाला कोणता उपचार जास्त मानवेल, हे ठरवायला असे माप कामीही येते. पण दोन माणसांपैकी कोणाला वाचवायचे यासाठी ते वापरले की त्यातला अन्याय उघडा पडतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेसाठी उपचारांची अशी क्रमवारी लावली होती; अपंगांशी भेदभाव होतो म्हणून १९९२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने ती नाकारली.

चिकोडी, अथणी, निपाणीकडच्या ऊस उत्पादकाला यातली मेख वेगळी सांगावी लागणार नाही. गाडी काट्यावर चढली की वजन किती भरले याआधी तो विचारतो, काटा कोणाचा आहे आणि लावला कोणी. तोच प्रश्न इथे विचारायचा. लुळे असण्याला अर्धा अंक दिला कोणी? अशा अनेक मापांत हे अंक सर्वसाधारण लोकांना ‘तुम्ही असे झालात तर तुम्हाला कसे वाटेल?’ असे विचारून ठरवलेले असतात. म्हणजे ज्याने ते आयुष्य एक दिवसही जगलेले नाही, त्याची भीती त्या आयुष्याचे वजन ठरवते.

आणि जे प्रत्यक्ष तसे जगतात, ते काय सांगतात? गॅरी आल्ब्रेख्त आणि पॅट्रिक डेव्हलीगर या दोन अभ्यासकांनी १९९९ साली अपंगत्व असलेल्या १५३ लोकांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरच्यांना ज्यांचे जगणे दयनीय वाटावे अशा गंभीर आणि कायमच्या अपंगत्वाच्या लोकांपैकी सुमारे ५४ टक्क्यांनी आपल्या जगण्याचा दर्जा चांगला किंवा उत्तम असल्याचे सांगितले. अभ्यासकांनी याला ‘अपंगत्वाचा विरोधाभास’ म्हटले. मला त्यात विरोधाभास दिसत नाही. निपाणीहून तासाभरावर असलेल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी तो कधीच खोडून काढला आहे. सोळाव्या वर्षी त्यांच्या कमरेखालच्या शरीराने साथ सोडली, आणि पुढे त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी करून असंख्य अपंग मुलांना शाळेत, वसतिगृहात, कामावर पोहोचवले. तरीही अशी मोठी नावे सांगताना मला नेहमी थोडी धास्ती वाटते, कारण ऐकणारा लगेच म्हणतो, त्यांनी केवढे काम केले, म्हणून त्यांच्या जगण्याला अर्थ आहे. मग ज्याने काहीच केले नाही, ज्याला काहीच करता येणार नाही, त्याचे काय?

वहिनींच्या मुलीने काहीही केले नाही. दुपारची खानापूरची एस.टी. वळणावर आली की चालक हॉर्न वाजवायचा आणि तो ऐकून ती हसायची, रोज, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. दुधात कुस्करलेली भाकरी आवडायची, पण त्यात गूळ पडला की तोंड घट्ट मिटायची. तिला आवड होती आणि नावड होती. त्या घरात तिचे स्थान पक्के होते. जगण्याचा हक्क मिळवायला याहून अधिक काही सिद्ध करून दाखवावे लागत असेल, तर तो हक्क उरत नाही, ते बक्षीस होते.

उपयोगावरून आयुष्य तोलण्याची सवय कुठवर नेते, हे इतिहासात नोंदलेले आहे. १९२० साली जर्मनीत एका कायदेपंडिताने आणि एका मानसोपचारतज्ज्ञाने मिळून ‘जगण्यास लायक नसलेले जीवन’ ही कल्पना मांडली. तेव्हा तो विद्वानांमधला वाद होता. १९३९ मध्ये नाझी राजवटीने ती अंमलात आणली, आणि टी-चार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या योजनेत ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक अपंग आणि मनोरुग्ण माणसे मारली गेली. फॉर्म भरणारे डॉक्टर होते, आणि फॉर्मवर विचारलेल्या गोष्टींत रुग्ण काम किती करू शकतो ही एक होती. आजच्या दवाखान्यांची त्यांच्याशी तुलना करणे अन्यायाचे होईल, ती मी करत नाही. पण कोविडच्या पहिल्या लाटेत, मार्च २०२० मध्ये, इंग्लंडमधल्या ‘नाईस’ या संस्थेने अतिदक्षता विभागात कोणाला घ्यावे याबद्दल दिलेल्या सूचनांत माणूस रोजच्या कामांसाठी दुसऱ्यावर किती अवलंबून आहे याची एक मोजपट्टी होती. ती जन्मजात अपंगत्व असलेल्या तरुणांनाही लागू होईल, असा आक्षेप आल्यावर काही दिवसांतच ती दुरुस्त करावी लागली. गर्दी झाली आणि खाटा कमी पडल्या की जुना प्रश्न दाराशी येतो.

जन्माआधीचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्यावर मला ठाम बोलता येत नाही. मुलीचा गर्भ पाडला जाऊ नये म्हणून गर्भलिंग तपासणे आपण १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. गर्भात गंभीर व्यंग आहे म्हणून गर्भपात करायला मात्र परवानगी आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, वैद्यकीय मंडळाने तसे निदान केले तर, त्याला आठवड्यांची मर्यादाही नाही. बाईच्या शरीरावर तिचाच अधिकार असला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जन्मानंतर काही तासांत जाणारे मूल नऊ महिने पोटात वाढवण्याची सक्ती तिच्यावर कोणी करू नये. परंतु सोनोग्राफीच्या खोलीत तिला मिळणारी माहिती कशी असते? डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला काय काय येणार नाही याची यादी मिळते. अशी मुले आज काय शिकतात, किती जगतात, हे सांगायला वेळ नसतो. तशा घरातल्या एखाद्या आईशी तिची गाठ घालून देण्याचे तर कुणाच्या मनातही येत नाही. निर्णय तिचाच, पण तो अर्ध्या माहितीवर घ्यायला लावला तर तिचा किती राहिला?

आपल्या भागात यात भाषेची भर पडते. संमतीपत्रक कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, समजावून सांगणारी नर्स घाईत, आणि सही करणारी बाई मराठी. ‘इथं सही करा’ एवढेच तिला तिच्या भाषेत सांगितले जाते. सीमाप्रश्नाच्या राजकारणात मी इथे शिरत नाही. कोल्हापूरच्या दवाखान्यात कानडी रुग्णाची हीच गत होत असेल. संमती म्हणजे समजून दिलेली संमती, असे वैद्यकाची नीती सांगते, आणि न समजलेल्या कागदावर उठवलेला अंगठा हा निव्वळ शाईचा डाग आहे. तुम्हाला हक्काने म्हणता येते, ‘मला मराठीत सांगा, नाहीतर मराठी येणाऱ्या माणसाला बोलवा.’ आणि वहिनींचा तो एका शब्दाचा प्रश्न विचारता येतो.

ज्याला स्वतः बोलता येत नाही, त्याच्या वतीने कोणी बोलायचे? सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली चंडीगडच्या सरकारी निवासात राहणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या एका गरोदर तरुणीच्या बाबतीत उच्च न्यायालयाचा गर्भपाताचा आदेश रद्द केला, कारण तिला मूल हवे होते आणि तिचे म्हणणे विचारात न घेता तो आदेश निघाला होता. समज कमी असणे म्हणजे इच्छा नसणे नव्हे, हे तत्त्व त्यातून पुढे आले. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या करारातही, ज्याला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, दुसऱ्याने निर्णय घेण्यापेक्षा त्या माणसाला निर्णय घ्यायला मदत करण्यावर भर आहे. व्यवहारात हे फार अवघड आहे. वैद्यकीय इच्छापत्राची सोय ज्याला लिहिण्याइतकी समज आहे त्याच्यासाठी आहे. ज्याला ती कधीच नव्हती, त्याच्या बाबतीत सगळा भार त्याला ओळखणाऱ्या माणसांवर येतो.

ती माणसे दमलेली असतात, हे सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. वहिनींची मुलगी पुढे अडीच वर्षांनी झोपेत गेली, तेव्हा भेटायला आलेला जो तो म्हणाला, ‘सुटली बिचारी.’ काहींनी हळू आवाजात ‘दोघीही सुटल्या’ असेही म्हटले. वहिनींनी एकदाच उत्तर दिले, “माझी कंबर सुटली खरी. पोर कशातून सुटली?” एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला दिवसातून चारदा उचलून त्यांची कंबर कामातून गेली होती, आणि त्या काळात त्यांना बदलीला एक दिवस कोणी माणूस मिळाला नव्हता. ‘माझ्या आधी त्याने जावे’ असे आईबाप देवापुढे म्हणतात, तेव्हा ते मुलाच्या आयुष्याला कमी लेखत नसतात. आपल्यामागे त्याला कोणी पाणी पाजणार नाही, हे त्यांना दिसत असते. जगण्याचा दर्जा कमी असतो तो बऱ्याचदा इथे, आणि त्याला मेंदूतली इजा जबाबदार नसते. पायऱ्यांची कचेरी, अनियमित पेन्शन, वळण घेऊन निघून जाणारी बस, रिकामे पडलेले फिजिओथेरपिस्टचे पद, या सगळ्यांना माणूस जबाबदार असतो.

यातले काही आज हाताशी आहे आणि ते माहीत असावे. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर अपंगांसाठी पुनर्वसन कार्यकर्ता असतो, लोक त्याला व्ही.आर.डब्ल्यू. म्हणतात, प्रमाणपत्राचे, पेन्शनचे काम त्याच्याकडून सुरू करावे. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून घेता येतो, आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो.

कोणत्याच योजनेत नसलेली एक गोष्ट मी निपाणीत पाहिली. बिडी वळणाऱ्या एका बाईंनी आपल्या चोवीस वर्षांच्या, न बोलणाऱ्या मुलासाठी शाळेच्या दोनशे पानी वहीत नोंदी लिहायला घेतल्या आहेत. त्यांच्या माघारी त्याला जो कोणी दवाखान्यात नेईल त्याला द्यायची म्हणून डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर, शेजारच्या शिक्षिकेकडून लिहून घेतलेले, कन्नड आहे. पहिल्याच पानावर लिहिले आहे, ‘पोटात दुखलं की उजव्या हाताचा अंगठा चावतो. भूक लागली तर चावत नाही, दाराकडं बघतो. हात धरला की सुई टोचून घेतो. रडला तरी हात सोडू नये.’